उन्हाळ्यात अडकणारं दार

मराठवाड्यातली जुनी गावं पाहिली तर घरं पांढरीवर आणि शेतं काळीवर दिसतात. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. लातूरच्या बाहेर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्या वसाहती उठल्या, त्यांनी ही रेघ पुसली. ज्वारी-तुरीच्या जमिनी अकृषिक झाल्या, चुन्याची फक्की मारून प्लॉट पडले आणि आम्ही नोकरदार माणसांनी त्यावर घरं बांधली. आमचंही त्यातलंच एक.

काळी माती बेसाल्टच्या झिजेतून तयार होते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. वैशाखात शेतातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. शेतकऱ्याला त्याचं वाईट वाटत नाही, कारण पहिला पाऊस त्याच भेगांतून खोल मुरतो. घराला मात्र हे सोसत नाही. घराच्या मधोमध, फरशीखाली, ऊन-पाऊस पोचत नाहीत, तिथला ओलावा साधारण तसाच राहतो. कडेची माती मात्र दर पावसाळ्यात फुगते आणि दर उन्हाळ्यात बसते. मधला भाग जागेवर आणि कोपरे वरखाली, अशी ओढाताण विटांची भिंत किती वर्षं सहन करणार?

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. ‘जलदूत’ नावाच्या त्या गाडीचे फोटो तेव्हा देशभर छापून आले. नळ कोरडे पडलेले सगळ्यांना दिसत होते. घराखालची जमीन किती खोलवर वाळली आहे, ते कुणाला दिसत नव्हतं. मग त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर असा पाऊस झाला की मांजरा धरण भरलं. इतकं सुकणं आणि पाठोपाठ इतकं भिजणं. त्यानंतर आमच्या गल्लीत माणसं एकमेकांच्या घरी गेली की आधी भिंतींकडे बघायची. आमच्या मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग तिरकी वर गेली होती. खाली केसाएवढी, वर बोट जाईल एवढी.

अशा कामाला माणूस शोधायचा तर आपल्याकडे तीन वाटा आहेत. नात्यातला कुणीतरी, हार्डवेअरचं दुकान, नाहीतर सकाळचा मजूर नाका. दुकानदार ज्या गवंड्याचं नाव सांगतो तो बहुधा त्याच्याच दुकानातून उधारीवर सिमेंट उचलणारा असतो. त्यात वावगं काही नाही, पण ते आपल्याला माहीत असावं. नाक्यावरचा माणूस लगेच मिळतो आणि हाताने चांगलाही असू शकतो. फक्त त्याला काय करायचं हे आपण सांगावं लागतं, आणि नेमकं तेच आपल्याला ठाऊक नसतं.

आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या ठेकेदाराने चहा निवायच्या आत आकडा सांगितला. भेग रुंद करायची, केमिकल भरायचं, जाळी मारून गिलावा करायचा, वर एका वर्षाची गॅरंटी. दुसऱ्याने भिंतीवर थाप मारून पाहिली आणि मागचा सगळा भागच पाडून कॉलम घ्या म्हणाला. दोघांच्या आकड्यांत दसपटीचं अंतर होतं. माझ्या मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. दोघांनीही फक्त भिंत बघितली; घराला बाहेरून चक्कर कुणीच मारली नाही.

त्यांना लबाड म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. आपण त्यांना बघण्याचे पैसे देतच नाही. येणं फुकट, बघणं फुकट, अंदाज फुकट. पैसे मिळणार ते काम मिळालं तरच. मग त्या माणसाला भिंतीत काय दिसणार? जे काम त्याला करता येतं आणि विकता येतं, तेच. केमिकलवाल्याला भेग दिसते, आरसीसीवाल्याला कॉलम नसल्याचं दिसतं. डॉक्टरला आपण तपासण्याची फी देतो आणि औषधाचे पैसे वेगळे. घराच्या बाबतीत ही साधी वाटणी आपण केलेली नाही, आणि त्याची किंमत आपण दुरुस्तीच्या बिलात मोजतो.

म्हणून एका स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंना फोन केला. त्यांनी आधी फी सांगितली. ती ऐकून माझे मेव्हणे म्हणाले, ‘नुसतं बघायचे एवढे?’ बाई आल्या आणि बराच वेळ घरात आल्याच नाहीत. गच्चीचा पाइप पाणी कुठे सोडतो ते पाहिलं. न्हाणीघराच्या सांडपाण्याचा चेंबर उघडायला लावला. मागच्या कोपऱ्यापासून कडुनिंब किती लांब आहे ते टेपने मोजलं. आत आल्यावर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहिली. भेग वर रुंद असेल तर भिंतीचं टोक खचून बाहेर झुकतंय. खाली रुंद असती तर मधला भाग बसतोय असं मानलं असतं. हे त्यांनी मला समजावलं, पण लगेच म्हणाल्या की खात्री खड्डा खणल्यावरच होईल. खड्डे दोन हवेत, एक मागच्या कोपऱ्याला, एक पुढे, जिथे काही झालेलं नाही तिथे.

खड्डे खणायला जो गवंडी आला, त्याच्याकडेच पुढे काम गेलं. जवळच्या खेड्यातला, पस्तिशीचा, बोलायला तुटक. सोबत एक बिगारी आणि घमेली वाहायला दोन बाया. कुदळ हातात घेण्याआधी त्याने मागचं दार दोन-तीनदा उघडून लावून पाहिलं.

‘सर, ह्ये दार कव्हा अडकतंय? पावसाळ्यात का उन्हाळ्यात?’

‘उन्हाळ्यात. मार्च लागला की.’

‘मग लाकडाचा दोष न्हाई. खालूनच हाय.’

लाकूड पावसाळ्यात फुगतं, त्यामुळे आषाढात अडकणारं दार आपण रंधा मारून घेतो आणि विसरून जातो. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, तेव्हा दार सैल व्हायला हवं. ते जर तेव्हाच अडकत असेल तर चौकट तिरकी झाली आहे, म्हणजे तिच्याखालचं जोतं हललं आहे. बाईंनी मोजमापांनी जे ताडलं होतं, ते याने कडी-कोयंड्यावरून ओळखलं. मला दोघांचंही कौतुक वाटलं. ‘शिकलेल्यांपेक्षा अडाणी गवंडी शहाणा’ ही आपल्याकडे फार आवडणारी गोष्ट आहे, पण इथे ती लागू पडत नाही. कडुनिंबाच्या बाबतीत गवंडी म्हणत होता, मुळासकट काढा, कटकट मिटेल. बाई म्हणाल्या, एका झटक्यात काढू नका. इतकी वर्षं त्या झाडाने ओढून घेतलेलं पाणी आता मातीत राहील, माती फुगेल आणि खचलेला कोपरा उलटा वर ढकलला जाईल. फांद्या टप्प्याटप्प्याने कमी करा. गवंड्याला ते पटलेलं दिसलं नाही, पण त्याने हट्ट धरला नाही. खरी माहिती त्या खड्ड्यात एकत्र झाली, दोघं एकाच वेळी आत वाकून बघत होते तेव्हा.

खड्ड्यात निघालं ते असं. पुढच्या बाजूला मुरूम वर होता, डबराचा पाया त्यावर नीट टेकलेला. मागे मुरूम उतरत गेला होता आणि पाया काळीतच थांबला होता. कठीण लागायला अजून अडीच-तीन फूट. ‘कठीण लागेपर्यंत खणायचं’ हा गवंडीकामातला जुना नियम. पण घर बांधताना चर चारही बाजूंना सारख्या खोलीचे काढले गेले होते. बांधणाऱ्याने कदाचित फसवलंही नसेल. चर सरळ आणि एकसारखे दिसत असणार, आणि उक्त्या कामात खोलीचा हिशेब आधीच ठरलेला असतो. नव्याने बांधणाऱ्यांसाठी यावर चांगले उपाय आहेत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी, तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खुंटांची पद्धत विकसित केली. ते खुंट साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, ऋतूंचा परिणाम पोचत नाही अशा थरात नेतात. उभ्या घराला मात्र खालूनच पाया घ्यावा लागतो.

आणि इथे पैशाचा दुसरा प्रश्न येतो, तो म्हणजे काम उक्तं द्यायचं की हजेरीवर.

आमच्याकडे उक्त्याची आवड जबरदस्त आहे. एकदा आकडा ठरला की डोक्याला ताप नाही, असं वाटतं. हजेरीवर माणूस काम लांबवतो ही तक्रार खोटी नाही. तंबाखू मळण्यात, नळी सोडवण्यात, ‘वाळू संपली’ म्हणण्यात अर्धा दिवस जातो. उक्त्यात माणूस पळतो. पण पळून जे काम बिघडतं ते उक्त्यावर देऊ नये, असं माझं मत झालं. पायाचं काम तसंच आहे. सगळा पाया एकदम उघडा करता येत नाही. भिंत खाली येईल. तीन-चार फुटांचा एक टप्पा खणायचा, मग दोन टप्पे सोडून पुढचा. खड्डा कठीणापर्यंत न्यायचा, टेकू लावायचे, काँक्रीट भरायचं आणि जुन्या पायाच्या खाली दोन-तीन इंच जागा मोकळी सोडायची. ते काँक्रीट घट्ट होईपर्यंत थांबायचं. ताजं काँक्रीट सुकताना थोडं बसतं. लगेच वरपर्यंत भरलं तर जुना पाया आणि नवं काम यांच्यात बारीक फट राहते, आणि सगळा खटाटोप ज्यासाठी केला तो आधारच मिळत नाही. म्हणून थांबून त्या मोकळ्या जागेत जेमतेम ओला असा माल लाकडी ठोकळ्याने ठासून ठासून बसवायचा. मग शेजारचा टप्पा.

या सगळ्यात जे मोलाचं आहे ते थांबणं. उक्त्यात थांबायला कुणालाच परवडत नाही. आणि एकदा मुरूम टाकून खड्डा बुजवला की आत दोन इंच ठासलं आहे की वरवर थापलं आहे, हे खुद्द इंजिनिअर बाईंनाही सांगता यायचं नाही. कळेल ते पुढच्या दुष्काळात.

गवंडी सुरुवातीला उक्त्यासाठीच अडून बसला होता. हजेरीत त्याला वरकड सुटत नाही. शेवटी ठरलं असं की मातीखाली जाणारं सगळं काम हजेरीवर, माल माझा. आणि वर दिसणारा गिलावा, कोबा पुढे उक्त्याने त्यालाच. वहीच्या पानावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. घरबांधणी ही ग्राहक कायद्याच्या दृष्टीने ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात 1993 सालीच मान्य केलं आहे. पण ‘सिमेंट कुणाचं, माती कोण उचलणार’ एवढंही लिहिलेलं नसेल तर तक्रारीत मांडणार काय?

1993 म्हटलं की आमच्या भागात न्यायालय कुणाला आठवत नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंपाने किल्लारी परिसर कोसळला. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. जाड भिंत म्हणजे मजबूत, असा सगळ्यांचा समज होता. प्रत्यक्षात आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पदर, मध्ये गाळ भरलेला, आणि दोघांना जोडणारा आरपार दगडच नाही. धक्क्याने पदर सुटले आणि माळवद माणसांवर आलं. गवंड्याचे वडील त्यानंतरच्या दुरुस्तीच्या कामांवर होते. उभ्या राहिलेल्या भिंतींना भोकं पाडायची, वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन पदर एकमेकांना धरून राहतात. जेवणाच्या सुट्टीत त्याने हे सांगितलं. घरधन्याला सरकारी मदत हप्त्याने मिळायची, आणि पुढचा हप्ता काम बघून.

‘भोकं आतून भरलीत का न्हाई, सायेब हात घालून बघायचे. म्हून बाप नीट करायचा,’ तो म्हणाला, आणि हसला. वडिलांच्या प्रामाणिकपणाबद्दल इतकं सरळ बोललेलं मी क्वचितच ऐकलं आहे.

काम सलग झालं नाही, ते होतही नाही. मध्ये त्याला दुसरीकडे स्लॅब आला. स्लॅब म्हणजे एका दिवसात भरपूर माणसांना रोजगार, त्याला कोण नाही म्हणणार? नंतर कुणाचं लग्न. उघडा टप्पा ठेवून तो कधी गेला नाही, एवढं त्याने पाळलं, आणि मीही मग फोनवर चिडणं सोडलं. उचल मागायचा, ती द्यायचो. मात्र झालेल्या हजेरीच्या पुढे जाऊ दिली नाही. बाजाराच्या दिवशी सगळ्यांचा हिशेब. बायांची हजेरी पुरुष बिगाऱ्यापेक्षा कमी, हे त्यानेच ठरवून आणलेलं. घमेलं तेच, माती तीच. मी विचारलं तर म्हणाला, ‘सगळीकडं असंच हाय सर.’ त्या दोघींना बिगाऱ्याएवढं द्यायला मी लावलं, तेव्हा पुढच्या कामावर यांना कोण बोलावणार, ही त्याची शंका होती. ती बिनबुडाची नव्हती, हे कबूल करायला हवं.

एकदा तो एक फॉर्म घेऊन आला. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करायची तर मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. वर्षभर तो बांधकामावरच असतो, पण वीस दारांत विखुरलेला. कुठल्याच घरमालकाकडे त्याचे 90 दिवस भरत नाहीत आणि त्याला कायमचा ठेकेदार नाही. शेवटी गावातून ग्रामसेवकाकडून त्याने तो दाखला मिळवला. किरकोळ दुरुस्तीची कामं करणारा गवंडी हा असा कुणाचाच कामगार नसतो. आपण मात्र त्याच्याकडून गॅरंटीची अपेक्षा ठेवतो.

पाया घेऊन झाल्यावर खड्डे बुजवताना निघालेली काळी परत आत टाकली नाही. तिथे मुरूम आणून थरांनी धुमस मारून भरला. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर दिला तर खालचा फुगवटा आवरता येतो, हे संशोधनातून दाखवलं होतं. कालव्यांच्या कामांतही ते वापरलं गेलं. गवंड्याने कट्टींचं नाव ऐकलेलं नव्हतं. ‘काळी काळीवर टाकू नये’ एवढं त्याला पक्कं माहीत होतं. बाकी कामं पाण्याची: गच्चीचा पाइप गटारापर्यंत नेला, चेंबरची गळती काढली, घराभोवती चार फूट रुंद, बाहेर उतरता कोबा केला. या कामांना पायाच्या मानाने अगदीच कमी खर्च आला. ती वेळीच झाली असती तर पाया कदाचित उकरावाही लागला नसता, असं बाई म्हणाल्या. जुन्या बहुतेक घरांत सुरुवात इथूनच करावी, भेगेपासून नव्हे.

भेग मात्र आम्ही बुजवली नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा तिला तसंच ठेवायचं, रेघांच्या पुढे सरकते का बघायचं, मगच गिलावा. याचा त्रास पाहुण्यांना जास्त झाला. एवढे पैसे घातले आणि भिंत तशीच, हे कुणाच्या पचनी पडेना. खर्च केलेला जमिनीखाली आणि दाखवायला पेन्सिलीच्या तारखा! दिवाळीत तर तिथे कॅलेंडर लावून टाका असाही सल्ला मिळाला. मे महिन्यात मागचं दार सहज लागलं आणि भेगेचं टोक जुन्या रेघेवरच होतं, तेव्हा गवंड्याला गिलाव्यासाठी बोलावलं. तो उक्त्यावर होता, भराभर आटोपला. टाचे मारायला त्याने कंटाळा केला ते मला दिसलं, म्हणून ते परत करून घेता आले. पाणी मी स्वतः मारलं, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ.

आमचं काम बघून शेजाऱ्यांनी त्याचा नंबर घेतला. त्यांच्या हॉलमध्ये तशीच भेग आहे, फक्त खाली रुंद. त्याने त्यांना दार कधी अडकतं ते विचारलं आणि बाहेर एक खड्डा घेऊ म्हणाला. शेजारी म्हणाले, खड्डा-बिड्डा नको, मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत, रविवारच्या आत भिंत झाली पाहिजे, बोल किती घेतोस. त्याने आकडा सांगितला. भेग रुंद केली, केमिकल भरलं, जाळी मारली, गिलावा केला. शनिवारी रंगही झाला. कुंपणावरून मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो म्हणाला, ‘उक्तं हाय सर,’ आणि परांची सोडायला लागला.